लासवारीच्या नावाची इंग्रज उमरावकी १८४८ मध्ये कशी संपली?

बखरवाचक:

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाविषयी वाचताना एका गोष्टीपाशी अडलो आहे. १ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवरजवळच्या लासवारी येथे जनरल जेरार्ड लेक याने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी शेवटपर्यंत कसे उभे राहिले, याचे वर्णन खुद्द इंग्रजांनीच केले आहे. या विजयाबद्दल लेकला १८०४ मध्ये बॅरन आणि १८०७ मध्ये व्हायकाउंट करण्यात आले (इंग्रज उमरावांच्या पायऱ्या खालून वर अशा: बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक), आणि त्या किताबात दिल्ली व लासवारी ही दोन्ही नावे घालण्यात आली. म्हणजे आपल्याकडील एका पराभवाचे गाव इंग्रज उमरावांच्या यादीत जाऊन बसले. परंतु आजच्या यादीत हा किताब सापडत नाही. १८४८ मध्ये तो 'नष्ट' झाला, एवढीच नोंद मिळते.

लेकला तीन मुलगे होते. तीन मुलगे असलेल्या घराण्याचा किताब चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कसा काय संपतो? मुलींना किंवा पुतण्या-भाच्यांना तो का मिळत नाही? दत्तक घेण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती काय? आणि किताब संपला म्हणजे घर, जमीन, पैसा हेही सरकारजमा होत असे काय? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सनदी_कागद:

आपल्या प्रश्नाचे उत्तर राजाने दिलेल्या सनदेच्या एका वाक्यात आहे. इंग्लंडमध्ये नवा किताब निर्माण करताना राजमुद्रेची सनद दिली जाते, आणि हा किताब पुढे कोणाकडे जाईल तेही त्याच सनदेत लिहिलेले असते. नेहमीचा मजकूर असा की, किताब मूळ धारकाला आणि त्याच्यामागे 'त्याच्या देहापासून झालेल्या औरस पुरुष वारसांना' मिळेल. यातील प्रत्येक शब्द कोणाला तरी बाहेर ठेवतो. 'पुरुष' म्हटल्याने मुली आणि मुलींचे मुलगे गेले, 'औरस' म्हटल्याने विवाहबाह्य संतती गेली, आणि 'त्याच्या देहापासून' म्हटल्याने मूळ धारकाचे भाऊ, पुतणे आणि चुलतभाऊही गेले. पुतण्याला किताब मिळू शकतो, पण तो पुतण्या स्वतः मूळ धारकाचा वंशज असेल तरच. हा भेद ध्यानात ठेवला की पुष्कळ कोडी आपोआप सुटतात.

आता लेक घराण्याकडे वळू. थोरला फ्रान्सिस, मधला जॉर्ज आणि धाकटा वॉर्विक, असे तिघे भाऊ. जॉर्ज लासवारीला वडिलांच्या सोबत होता. ऐन लढाईत वडिलांचा घोडा पडला, तेव्हा त्याने आपला घोडा त्यांना दिला, आणि वडिलांच्या डोळ्यांदेखत तो जखमी होऊन कोसळला. त्या जखमेतून तो वाचला. परंतु १७ ऑगस्ट १८०८ रोजी पोर्तुगालमधील रोलिसा येथे २९ व्या पलटणीचे नेतृत्व करताना मारला गेला. त्या दिवशी त्याचा सेनापती होता असईचा विजेता आर्थर वेलस्ली. वडील जेरार्ड लेक त्याआधीच, फेब्रुवारी १८०८ मध्ये वारला होता, त्यामुळे हे दुःख त्याच्या वाट्याला आले नाही. किताब फ्रान्सिसकडे गेला. १८३६ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्यामागे वारस मुलगा नसल्याने व्हायकाउंटपद धाकट्या वॉर्विककडे आले.

या वॉर्विकची कथा थोडी विषयाबाहेरची आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. तो आरमारात होता. १८०७ च्या डिसेंबरात 'रिक्रूट' या जहाजाचा कप्तान असताना, बिअर चोरल्याच्या कारणावरून त्याने रॉबर्ट जेफ्री नावाच्या एका तरुण खलाशाला कॅरिबियन समुद्रातील सोम्ब्रेरो या निर्जन, निर्जल बेटावर एकट्याला उतरवून दिले आणि जहाज हाकारले. जेफ्री सुदैवाने वाचला. एका अमेरिकी जहाजाने त्याला उचलले आणि पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये तो लोहारकाम करू लागला. इकडे प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले आणि १८१० मध्ये लष्करी न्यायालयाने वॉर्विकला आरमारातून बडतर्फ केले. नोकरी गेली तरी रक्ताचा हक्क काही जात नाही. सव्वीस वर्षांनी हाच बडतर्फ कप्तान तिसरा व्हायकाउंट लेक झाला. जून १८४८ मध्ये तो वारला तेव्हा त्याला मुलगा नव्हता, आणि जेरार्ड लेकचा दुसरा कोणीही पुरुष वंशज उरला नव्हता. जेरार्डच्या भाऊबंदांत पुरुष असते-नसते तरी फरक पडला नसता, कारण किताब जेरार्डपासून सुरू होत होता. त्या दिवशी बॅरनपद आणि व्हायकाउंटपद दोन्ही एकदमच संपले.

मालमत्तेविषयी: नाही, ती सरकारजमा होत नसे. घर, जमीन आणि पैसा मृत्युपत्राप्रमाणे किंवा घराण्यात आधी झालेल्या करारांप्रमाणे जात असे, आणि ती मुलींनाही मिळू शकत असे. कित्येक घराणी करार करून जमीन किताबाच्या मागोमाग जाईल अशी तजवीज करीत; पण तजवीज करावी लागत असे, यातच दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्याचे दिसते.

तिसऱ्या_मजल्यावरून:

सनदी_कागद यांचे उत्तर पटले. 'मूळ धारक कोण' हा मुद्दा वेलस्ली बंधूंच्या उदाहरणाने अधिक उघड होतो, आणि त्यांचा आपल्या इतिहासाशी संबंध लेकइतकाच जवळचा आहे.

रिचर्ड वेलस्ली म्हणजे वसईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल. त्याच्याकडे वडिलांकडून आलेले मॉर्निंग्टनचे अर्लपद होते, आणि श्रीरंगपट्टण पडल्यावर १७९९ मध्ये त्याला मार्क्विस करण्यात आले. पण ते आयर्लंडच्या यादीतले. इंग्लंडच्या यादीतले मानाचे पद मिळेल अशी आशा धरून बसलेल्या या गृहस्थांनी आपल्या नव्या पदाला 'दुहेरी मुलाम्याचा बटाटा' म्हणून हिणवले होते. त्याला मुले पुष्कळ होती, परंतु ती सर्व हायासिंथ रोलाँ या फ्रेंच स्त्रीपासून, दोघांचे १७९४ मध्ये लग्न होण्याच्या आधी झालेली. नंतर झालेल्या लग्नाने ती इंग्रजी कायद्यात औरस ठरली नाहीत. १८४२ मध्ये तो वारला तेव्हा मार्क्विसपद तिथेच संपले. मॉर्निंग्टनचे अर्लपद मात्र वडिलांपासून सुरू झालेले असल्याने पाठच्या भावाला, विल्यमला मिळाले. पुढे त्याच्या नातवाबरोबर ती पाती १८६३ मध्ये खुंटली आणि अर्लपद आर्थरच्या मुलाकडे, म्हणजे दुसऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे गेले. एकाच माणसाच्या मृत्यूने त्याचा एक किताब मरतो आणि दुसरा चालू राहतो, हे इंग्रजांना नित्याचे आहे.

आर्थरचे ड्यूकपद आजही आहे, पण तेही सरळ बापाकडून मुलाकडे आलेले नाही. दुसरा ड्यूक १८८४ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा पद पुतण्याला मिळाले. तो पुतण्याही निपुत्रिक वारल्याने १९०० मध्ये ते त्याच्या भावाला मिळाले. हे दोघे पुतणे पहिल्या ड्यूकचे नातू होते, म्हणून चालले. आर्थरने एकच मुलगा मागे ठेवला असता तर १८८४ मध्येच लेकसारखी गत झाली असती. १९४३ मध्ये सहावा ड्यूक इटलीत सालेर्नो येथे लढताना अविवाहित मारला गेला, तेव्हा आणखी एक गंमत झाली. इंग्रजी ड्यूकपद त्याच्या काकाकडे गेले, परंतु स्पेनने पहिल्या ड्यूकला दिलेले सिउदाद रोद्रिगोचे ड्यूकपद स्पॅनिश नियमाप्रमाणे मृताच्या बहिणीला मिळाले. त्या बाईंनी १९४९ मध्ये ते आपल्या काकाला सोडून दिले, म्हणून दोन्ही पदे पुन्हा एका हाती आली.

मुलींना अजिबातच मिळत नाही, असे मात्र समजू नये. राजाच्या मनात असेल तर सनदेतच वेगळी तरतूद घालता येते. काबूलहून कंदाहारला कूच करून गाजलेला लॉर्ड रॉबर्ट्स याचा मुलगा डिसेंबर १८९९ मध्ये कोलेन्सोच्या लढाईत पडला. त्यानंतर १९०१ मध्ये रॉबर्ट्सला अर्ल करताना मुलींच्या वारशाची खास तरतूद करण्यात आली. १९१४ मध्ये तो वारल्यावर त्याचे १८९२ चे बॅरनपद संपले, पण अर्लपद आधी थोरल्या आणि मग धाकट्या मुलीकडे गेले आणि १९५५ मध्ये धाकटीबरोबर संपले. आपल्या परिचयाचे दुसरे नाव माउंटबॅटन. त्यांना दोन मुलीच होत्या, म्हणून अशीच तरतूद झाली आणि १९७९ मध्ये थोरली मुलगी काउंटेस झाली.

घाटमाथा:

चर्चा उत्तम चालली आहे, पण बखरवाचक यांच्या दत्तकाविषयीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला तोच प्रश्न सर्वांत जास्त टोचावा.

साल पाहा. तिसरा व्हायकाउंट लेक जून १८४८ मध्ये वारला. त्याच्या जेमतेम तीन महिने आधी, ५ एप्रिल १८४८ रोजी, साताऱ्याचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. औरस मुलगा नसल्याने त्यांनी मृत्यूपूर्वी व्यंकोजींना दत्तक घेतले होते. ते दत्तकविधान राज्याच्या वारशापुरते अमान्य करून लॉर्ड डलहौसीने सातारा खालसा करण्याचा आग्रह धरला आणि कंपनीच्या संचालकांनी तो मान्य केला. पुढे १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी याच वाटेने गेली. दत्तक पुत्राला खासगी मालमत्ता मिळेल, पण राज्य मिळणार नाही, ही डलहौसीची भूमिका होती. वर सनदी_कागद यांनी किताब आणि मालमत्ता यांत जो भेद सांगितला, त्याच्याशी ही भूमिका ताडून पाहावी.

डलहौसी ज्या कायद्यात वाढला त्यात दत्तक ही चीजच नव्हती. इंग्लंडमध्ये दत्तकाला कायद्याची मान्यता १९२६ मध्ये मिळाली आणि स्कॉटलंडमध्ये १९३० मध्ये. त्यानंतरही उमरावाच्या दत्तक मुलाला किताब मिळत नाही. २००४ च्या राजाज्ञेने अशा मुलांना उमरावाच्या मुलांप्रमाणे नावाआधी 'ऑनरेबल' वगैरे लावण्याची मुभा मिळाली, वारसाहक्क मात्र मिळाला नाही. आपल्याकडे दत्तक हा धर्मशास्त्राने पुरा पुत्र मानलेला. तो पिंडदान करतो, गोत्र चालवतो, आणि शेकडो वर्षे वतने व गाद्या दत्तकाने चालत आलेल्या. त्या मंडळींना ही आपली चाल पळवाट वाटली असेल, तर आश्चर्य नाही.

आणि आता दैवाचा भाग. पंजाब जिंकल्यावर १८४९ मध्ये डलहौसीला मार्क्विस करण्यात आले, तेही पंजाबचे नाव किताबात घालून. त्याला दोन मुलीच होत्या. डिसेंबर १८६० मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला, आणि औरस पुरुष वारस नाही या एकाच कारणाने त्याचे मार्क्विसपद अकरा वर्षांत नष्ट झाले. पूर्वजांकडून आलेले स्कॉटिश अर्लपद फॉक्स मॉल या चुलत भाऊबंदाकडे गेले. ते आजही चालू आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत ही गोष्ट 'राणीचा शाप लागला' अशा थाटात सांगितली जाई. शाप वगैरे काही नाही, तो सनदेतला मजकूर आहे.

सनदी_कागद:

घाटमाथा यांचा मुद्दा मोलाचा आहे, तरी एक सावधगिरी सुचवतो. किताब नष्ट होणे आणि राज्य खालसा होणे या दोन घटना वारसाच्या एकाच कलमावर उभ्या दिसतात, पण त्यांचे वजन सारखे नाही. लेकचा किताब संपल्याने कोणाचा वाडा गेला नाही, कोणाची पागा आणि जवाहीर लिलावात निघाले नाही. नागपूरच्या भोसल्यांचे हत्ती, घोडे आणि दागिने मात्र लिलावात निघाले. शिवाय किताब मुळात राजाने दिलेला, म्हणून तो कोणत्या अटींवर द्यायचा हे राजाने ठरवावे, यात तर्क आहे. नागपूरची किंवा साताऱ्याची गादी इंग्लंडच्या राजाने दिलेली नव्हती. साताऱ्याबाबत 'आम्हीच १८१९ मध्ये स्थापिलेले राज्य' असा युक्तिवाद कंपनीने केला, तो या फटीतूनच.

बखरवाचक:

सर्वांचे मनापासून आभार. साताऱ्याचे साल मला माहीत होते आणि लेकचेही, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याचे सुचले नव्हते. आणखी एक शंका आहे. 'नष्ट' हा शब्द अखेरचा मानावा काय? जगाच्या पाठीवर कोठेतरी एखादा विसरलेला वंशज निघाला तर किताब परत मिळतो काय?

रुमालातली_पोथी:

यासाठी इंग्रजीत तीन निरनिराळ्या अवस्था मानतात. मूळ धारकाचा एकही पात्र वंशज उरला नाही, असे ठरले की किताब नष्ट. वंशज असेल पण कोणी हक्क सिद्ध केला नसेल, तर किताब नुसता निद्रिस्त. तिसरी अवस्था फार जुन्या, सनदेऐवजी पार्लमेंटच्या बोलावण्यावरून निर्माण झालेल्या बॅरनपदांची. तेथे मुलींना वारसा चालतो, पण थोरली-धाकटी असा क्रम नाही. मुलगा नसून दोन मुली असल्या तर दोघींचा हक्क सारखा, म्हणून दोघींपैकी कोणालाच नाही. एकच वंशज उरेपर्यंत, किंवा राजा एकीच्या बाजूने निर्णय देईपर्यंत, किताब लटकलेला राहतो. कधी शतकभर, कधी त्याहूनही जास्त.

नष्ट समजलेला किताब परत आल्याचे सर्वांत नामांकित उदाहरण डेव्हनच्या अर्लपदाचे. सप्टेंबर १५५३ मध्ये राणी मेरीने एडवर्ड कोर्टनी या तरुणाला हे पद दिले. त्याचे आयुष्य तुरुंगात आणि परदेशात गेले, आणि १५५६ मध्ये इटलीतील पाडुआ येथे तो अविवाहित वारला. सर्वांनी किताब नष्ट झाला असे धरले. इतके निश्चित धरले की राजांनी डेव्हनचे अर्लपद पुढे दुसऱ्या घराण्यांना देऊन टाकले. मात्र मेरीच्या सनदेत नेहमीचे 'त्याच्या देहापासून झालेले' हे शब्द नव्हते. नुसतेच 'पुरुष वारस' असे लिहिले होते. लेखनिकाची चूक होती की हेतू, यावर वाद घालता येईल. कोर्टनी घराण्याच्या लांबच्या पातीतील तिसऱ्या व्हायकाउंटच्या वतीने यावर दावा मांडला गेला, आणि १८३१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो मान्य केला. पावणेतीनशे वर्षे मेलेला मानलेला किताब कागदोपत्री कधी मेलाच नव्हता, असे ठरले. हा व्हायकाउंट त्या वेळी पॅरिसमध्ये राहत होता. १८३५ मध्ये तो अविवाहित वारला तेव्हा त्याचे व्हायकाउंटपद, ज्याच्या सनदेत 'देहापासून' हे शब्द होते, ते संपले. आणि नवे मिळालेले अर्लपद मात्र त्याच्या चुलतभावाकडे गेले.

लेकच्या बाबतीत अशी फट नाही. सनद नेहमीच्या नमुन्याची आहे आणि मुलांची मोजदाद तीनवर संपते.

तिसऱ्या_मजल्यावरून:

मुंबईकरांसाठी एक जोड. हाउस ऑफ लॉर्ड्सशी संबंध नसलेले, पण वंशपरंपरेने चालणारे बॅरोनेटपद हा याच घरातला धाकटा किताब. सर जमशेटजी जीजीभॉय यांना ते १८५७ मध्ये मिळाले आणि आजही चालू आहे. जो कोणी वारस होतो त्याला स्वतःचे नाव बाजूला ठेवून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यावे लागते, त्यामुळे वंशावळ वाचताना डोके गरगरते. याउलट ससून घराण्यात दोन बॅरोनेटपदे आली आणि दोन्ही संपली. लंडनच्या पातीतील सर फिलिप ससून १९३९ मध्ये अविवाहित वारले, आणि 'ऑफ बॉम्बे' म्हणून दिलेले पद सर व्हिक्टर ससून १९६१ मध्ये बहामात निपुत्रिक वारल्याने गेले. ससून डॉकवर पहाटे पापलेट-सुरमईचा लिलाव पुकारला जातो, तेथे आता या नावाचा धनी किताबापुरताही नाही.

बखरवाचक:

जाता जाता शेवटचे विचारतो. नष्ट झालेले नाव राजा पुन्हा देऊ शकतो काय? उद्या कोणाला 'लेक' हा किताब देता येईल?

सनदी_कागद:

येतो. तो जुना किताब जिवंत करणे नव्हे. त्याच नावाची नवी सनद असते आणि गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ससेक्सचे ड्यूकपद १८०१ मध्ये तिसऱ्या जॉर्जचा मुलगा ऑगस्टस फ्रेडरिक याला मिळाले. राजाच्या परवानगीवाचून केलेले त्याचे लग्न १७७२ च्या कायद्याने रद्दबातल ठरले होते, म्हणून मुलगा असूनही १८४३ मध्ये पद संपले. मुलाने हक्क सांगितला, तो हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळला. पुढे १७५ वर्षे ते नाव पडून होते, आणि २०१८ मध्ये राजपुत्र हॅरीला लग्नाच्या दिवशी ते देण्यात आले. मधल्या काळाची गणती धरली जात नाही, त्यामुळे हॅरी ससेक्सचा दुसरा ड्यूक नसून पहिलाच आहे. लासवारीचे नाव मात्र १८४८ नंतर कोणी मागितलेले नाही.